काळ्या तारांच्या गाठी

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागितली पाहिजे असं वाटतं. आमच्या घरात आजवर कोणी सही आणि परीक्षेचा पेपर यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पेपरापर्यंत पोचलेलाही मी पहिलाच. त्यात विषय बहिणीच्या बाळंतपणाचा. त्याबद्दल पुरुषाने बोलू नये, आणि जो पुरुष त्या वेळी दवाखान्यात नव्हता, घरी तारा जोडत बसला होता, त्याने तर नाहीच नाही. तरी लिहितो, कारण ते दोन दिवस माझ्या मनात अजून नीट बसलेले नाहीत. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा ताई आधीच माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण. भाऊजी एटापल्लीकडे एका आश्रमशाळेत शिक्षक आहेत, त्यांना सुट्टी नंतर मिळणार होती. ताईचे पाय सुजले होते, रक्तदाब वाढला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, कामं बंद, डाव्या कुशीवर पडून राहायचं. जिनं आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही, ती दिवसभर खाटेवर पडून भिंतीकडे पाहायची.

"काऊन रे इंजिनिअर," ती मला म्हणाली, "मामानं देल्ला तो डब्बा चालू करतं का नाई? का नुसताच पाहून राह्यला त्याच्याकडं?"

डबा म्हणजे एका व्हिडिओ गेमचं बोर्ड. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक असतं, दिवसा बाजार, पाळणे, मिठाई. त्यात पूर्वी एक माणूस व्हिडिओ गेमचं उभं कपाट घेऊन यायचा. नाणं टाकलं की विमान उडायचं. मोबाइल आल्यावर त्याचा धंदा बसला, कपाटाला वाळवी लागली. आतलं बोर्ड मात्र शाबूत राहिलं आणि ते फिरत फिरत माझ्या मामाकडे आलं. मामा वडशाच्या एका नाटक कंपनीत लाइटवाला आहे. त्याने ते मला दिलं आणि म्हणाला, "तू शिकून राह्यला ना, मंग पाह्य."

ताईला तेच विमान हवं होतं. लहानपणी आम्हाला दोघांत मिळून एकच नाणं मिळायचं. मग आम्ही खेळ वाटून घेतला होता. ती दांडा धरायची, मी बटण दाबायचो. ती विमान चालवायची, मी गोळ्या मारायचो. विमान पडलं की तिच्या मते मी उशिरा दाबलेलं असायचं आणि माझ्या मते तिनं चुकीच्या बाजूला वळवलेलं असायचं. आता डाव्या कुशीवर पडल्यामुळे तिचा डावा हात अंगाखाली जायचा आणि उजवा तेवढा मोकळा राहायचा. म्हणजे पुन्हा तीच वाटणी. मी लाकडाच्या दोन पेट्या करायचं ठरवलं. एकीत फक्त दांडा, खाटेच्या कडेला तिच्या हाताशी ठेवायला. दुसरीत फक्त बटणं, ती माझी.

दांडा आणि बटणं चंद्रपूरहून आणली. कॉलेजात मोडीत निघालेल्या संगणकाचा पॉवर सप्लाय सरांना विचारून घेतला. चित्र आमच्या जुन्या टीव्हीवर उमटावं म्हणून कन्व्हर्टरची एक छोटी पट्टीही घेतली. तारा मात्र मामाच्या. नाटकाच्या मांडवातून उरलेल्या, सगळ्या काळ्या. मामा रंग बघून तारा जोडतच नाही. रंगमंचाच्या खाली अंधारात काम करायचं असतं, म्हणून तो तारांच्या टोकाशी गाठी मारतो. "अंधारात रंग दिसत नाई," तो म्हणतो, "पण गाठ हाताले दिसते." मीही तसंच केलं. पाच व्होल्टच्या तारेला एक गाठ, बारा व्होल्टच्या तारेला दोन, आणि ग्राउंडच्या, म्हणजे परतीच्या तारेला तीन.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की त्या बोर्डात एकच गोष्ट माफ होत नाही. दांड्याच्या तारा उलटसुलट झाल्या तर विमान वरच्याऐवजी खाली जाईल, हसू होईल, एवढंच. पण पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले तर बोर्ड संपलं. धूरही येईलच असं नाही. नुसतं गप्प होतं, आणि तसलं दुसरं मिळत नाही.

ताई पडल्या पडल्या माझं काम बघायची. दांड्याच्या पायाशी चार छोटे स्विच असतात, चार दिशांचे. प्रत्येकाला स्वतःची एक तार असते आणि ग्राउंडची एक तार एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सगळ्यांकडे फिरते. मी तिला हे समजावून सांगितलं.

"म्हंजे ही तार आपली आत्या होय," ती म्हणाली. "सकाळपासून चारही घरी जाऊन येते."

आत्या, बाबांची थोरली बहीण, तिथंच तांदूळ निवडत होती. "आनि तू कोन होय मंग?" ती म्हणाली. "तू ते बटन होय. दाबलं नाई तरी वाजते."

आई हसली. ताईही हसली, आणि हसता हसता तिनं कपाळ दाबून धरलं. डोकं दुखतंय म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्या हसण्याकडे नीट पाहू शकलो नाही. ती हसली की मी आधी तिच्या हाताकडे बघायचो, तो कपाळाकडे जातो का ते.

काम जवळजवळ संपलं होतं. बोर्डाच्या एका कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. तिच्यात बसणाऱ्या लांब सॉकेटला सगळ्या तारा जोडून, त्यांची जुडी करून, वरून चिकटपट्टी गुंडाळून झाली होती. जुडीच्या मोकळ्या टोकांच्या गाठी बघून तारा पॉवर सप्लायला लावायच्या, एवढंच उरलं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी करणार होतो.

त्या सकाळी ताई उठली आणि म्हणाली, डोळ्यांपुढं चांदण्या दिसून राह्यल्या. गावच्या आशा वर्कर, ज्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो, त्या धावत आल्या. त्यांनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा मोजला. मग फोन लावायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेल्या, कारण आमच्या गावात रेंज तिथंच येते. अ‍ॅम्ब्युलन्स आली. आई आत बसली, बाबा मोटरसायकलने मागून निघाले. मी चप्पल घातली तर बाबा म्हणाले, "तू थांब. आत्या एकटी हाय, ढोरं हायत. तिथं येऊन तू काय करशीन?"

मी चप्पल काढून ठेवली. तिथं जाऊन मी काय केलं असतं?

अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागायच्या आधी ताई म्हणाली, "चालू करून ठेवजो. आल्यावर पह्यला डाव माया."

मी हो म्हणालो. तिचा चेहरा सुजून वेगळाच दिसत होता.

दुपारी पाळीवर उभं राहून बाबांचा फोन मिळाला. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचलो, तिला आत नेलंय, बाहेर बसायला सांगितलंय. एवढं बोलून आवाज तुटला. त्यानंतर बाबांचा फोन बंद आणि आईचा लागेना. भाऊजी वाटेत असावेत, तेही लागेनात. मी पाळीवर इकडून तिकडे फिरत होतो. एका पळसाच्या झाडाखाली कधी कधी रेंजची एक काडी जास्त दिसते, तिथं हात वर करून उभा राहिलो. गाई पाण्यावर आल्या, पाणी पिऊन गेल्या. शेवटी आत्या एकटी आहे हे आठवून घरी आलो.

दारातच वासरू मोकळं फिरत होतं. दावं खुंट्याशी सरळ पसरलेलं. मला वाटलं सुटलं, म्हणून पकडायला गेलो तर आत्या आतून ओरडली, "राहू दे त्याले!"

आत गेलो तर मच्छरदाणी खाटेवर कोसळलेली. धानाच्या पोत्यांची तोंडं उघडी. कपडे वाळवायची दोरी खाली, कपडे घडी करून ठेवलेले. कुलपं उघडी. आत्यानं स्वतःचे केसही मोकळे सोडले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मोकळ्या केसांत पाहिलं.

"हे काय केलं आत्या?"

"पोरगी अडून राह्यली तिकडं," ती म्हणाली. "घरात गाठ ठेवाची नसते. गाठ असली का तिकडं वाट मोकळी होत नाई. माया येळी माया सासूनं मोटेचा दोर पन सोडला होता. तुया मायच्या येळी मी सोडल्या होत्या, तिले ठाऊक हाय."

मी काही बोलणार तोच माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. माझ्या काळ्या तारांची जुडी चटईवर ठेवलेली होती. मोकळी टोकं एकसारखी करून, वेणी घालण्याआधी केस विंचरावेत तशी. एकही गाठ नव्हती. तिनं नखानं, दातानं, जशा सुटतील तशा सगळ्या सोडल्या होत्या.

"आत्या, त्या गाठी..."

"लय घट्ट मारल्या होत्या रे तू. तीन तीन! बोटं दुखून आली मायी."

खरं सांगतो, मला राग आला. आमच्या घरात हे मानत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत, बाबा दर पौर्णिमेला विहारात वंदना म्हणतात, आणि कोणी लिंबू-मिरचीची गोष्ट काढली की उठून जातात. मी तर विज्ञान शिकतो. मी म्हणालो, "आत्या, दवाखान्यात डॉक्टर हायत. गाठीनं काई होत नाई. बाबाले कळलं तर?"

"तुया बापाले मी कडेवर घेतला होता," आत्या म्हणाली. "त्याले कळू दे. पोरगी सुखरूप आली का मंग बोल म्हना काय बोलाचं ते."

आणि ती रडायला लागली. मोकळ्या केसांत तिचं तोंड एकदम लहान दिसलं.

आता काय करायचं? ताईनं चालू करून ठेव म्हटलं होतं. ते एकच काम माझ्या हातात होतं. गाठी गेल्या तरी उपाय होता, तो मला माहीत होता. तारा तपासायचा मीटर काढला. सॉकेट बोर्डापासून सोडवलं. मीटरचं एक टोक सॉकेटच्या पट्टीला, दुसरं एकेका मोकळ्या तारेला. जी तार त्या पट्टीची असेल तिथं मीटर वाजतो. कोणती पट्टी कशाची, याचं चित्र मोबाइलमध्ये होतं. पण सॉकेट उलटं धरलं की मोजणीही उलटी होते, म्हणून मी दर वेळी थांबून विचार करायचो की मी बरोबर बाजू धरलीय ना. एकदा खात्री झाली की पुन्हा शंका यायची. मीटर वाजला की आत्या दचकायची.

"फोन होय का?"

"नाई आत्या. तार सापडली."

पाच व्होल्टची तार सापडली. आता तिला गाठ मारायची, म्हणून मी तिचं टोक वळवलं, आणि तिथंच थांबलो.

मी हे मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण ताई आत होती, फोन लागत नव्हता, आणि माझ्या हातात अर्धी गाठ होती. ती ओढून घट्ट करायला माझी बोटं तयार होईनात. मी स्वतःला समजावलं की हा नुसता प्लास्टिकमधला तांब्याचा तुकडा आहे. मग वाटलं, नुसताच तुकडा आहे तर गाठ नाही मारली म्हणूनही काय बिघडतं?

आत्या माझ्याकडे बघत होती. "बांध ना मंग," ती म्हणाली. "तू तर मानत नाईस."

मी वळवलेलं टोक सरळ केलं.

तिनं कनवटीची डबी काढली, त्यातून तंबाखूबरोबर लावतात तो चुना बोटावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "तुले खुनाच पायजे ना? हा घे. चुन्याले गाठ नसते."

काळ्या तारेवर पांढरा चुना छान उठून दिसला. एक ठिपका पाच व्होल्टला, दोन बाराला, तीन ग्राउंडला. मी तार सापडली की सांगायचो आणि आत्या ठिपके द्यायची. मधेच ती विचारायची, "ही कोनती?" मी म्हणायचो, परतीची. मग ती तीन ठिपके जरा मोठेच द्यायची.

सगळं झालं तोवर वीज गेली होती. संध्याकाळी पाळीवर पुन्हा फोन लावला, कोणाचाच लागला नाही. बाईंकडे गेलो तर त्या आरोग्य केंद्रात होत्या. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. मच्छरदाणी बांधायची नव्हती, एवढं सांगितलं तरी पुरे.

सकाळी वीज आली. मी निघून गडचिरोलीलाच जाणार होतो, पण पहिली बस आमच्या फाट्यावर दुपारशिवाय येत नाही. तोवर नुसतं बसवेना. मी ठिपके पुन्हा मीटरने तपासले. पॉवर सप्लाय एकटा चालू करून पाच आहेत का, बारा आहेत का, ते बघितलं. बंद केला. तारा जोडल्या. सॉकेट बोर्डावर बसवलं, काढलं, बाजू बघितली, परत बसवलं. टीव्ही लावला. मग आत्याला म्हटलं, तू मागं बस.

"फुटते का?"

"नाई फुटत."

"मंग तू काऊन इतका दूर उभा हायस?"

मी लाकडी पट्टीने स्विच दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग टीव्हीवर तिरप्या रेघा धावल्या, डळमळल्या आणि थांबल्या. निळं आभाळ आलं, खाली नदी आणि मधे ते विमान. मंडईतलं, आमचं. दांड्याच्या पेटीला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. पहिला डाव तिचा होता.

नाणं टाकलं नाही की तो खेळ स्वतःहून थोडा चालून दाखवतो. विमान उडू लागलं, गोळ्या चुकवू लागलं. आत्या पुढं सरकली.

"कोन खेळून राह्यलं?"

"कोनीच नाई. आपल्या मनानं चालते."

आम्ही दोघं बघत बसलो. समोरून तीन विमानं आली. आत्या मान डावी-उजवीकडे करत होती, जणू तिच्या मानेनं ते वळणार होतं. त्या दाखवायच्या खेळात विमान शेवटी पडतंच, दर वेळी एकाच जागी. मला ते माहीत होतं, तरी त्या जागेशी आल्यावर मी श्वास रोखून धरला. ते पडलं.

"बंद कर," आत्या म्हणाली. "बंद कर ते."

मी बंद केलं. घर एकदम शांत झालं. वासरू आत येऊन उघड्या पोत्यातलं धान खात होतं, तरी आम्ही कोणी त्याला हाकललं नाही. मी पिशवीत एक शर्ट टाकला, फाट्यावर जायला निघालो. आत्या दारापर्यंत आली. पिशवीचे बंद मी नुसते हातात धरले होते, बांधले नव्हते, हे तिनं पाहिलं.

फाट्याच्या वाटेवर समोरून बाईंची स्कूटी आली. त्यांनी मला पाहिलं आणि लांबूनच हात वर केला. तो हात थांब म्हणून होता की आणखी कशासाठी, ते मला कळेना. माझे पाय जागीच थांबले. त्या जवळ आल्या, गाडी बंद केली, तोंडावरचा रुमाल खाली ओढला. तेवढा वेळ मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"अरे, तुया बाबाचा फोन आला होता केंद्रात, तासभर झाला," त्या म्हणाल्या. "त्याचा फोन बंद पडला, दुसऱ्याच्या फोनवरून केला बिचाऱ्यानं. पोरगी झाली. आपरेशन करा लागलं. बारीक हाय लय, काचेच्या पेटीत ठेवली, पन रडली म्हने जोरात. तुयी ताई सकाळी शुद्धीवर आली, पानी मांगतलं तिनं. बीपी अजून उतराचं हाय, पन डॉक्टर म्हनते आता बरं हाय."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आनि तुया मायनं निरोप देल्ला," बाई स्कूटी चालू करत म्हणाल्या. "मले काई समजला नाई, पन जसा देल्ला तसा सांगते. म्हने, आत्याले म्हना, आता बांध."